फवारणीआधी मेलाटोनिनची गोळी? तुम्ही विचारलंत म्हणून

निपाणीजवळ माझं छोटं मेडिकल आहे, आणि सोयाबीनची फवारणी सुरू झाली की कोण ना कोण मोबाईल पुढं करतोच, ‘ओ दादा, ही झोपेची गोळी मेंदूला विषापासून वाचवती म्हणं, फवारायला जायच्या आधी एक टाकली तर?’

ऐकीव गोष्ट अगदीच खोटी नाही. 1958 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात आरन लर्नर या त्वचेच्या डॉक्टरांनी गाईबैलांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन वेगळं काढलं, ते झोपेचं हार्मोन म्हणून गाजलं, पण 1993 मध्ये रसेल रायटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ते अँटिऑक्सिडंटचंही काम करतं. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण ऑक्सिजन खातो 20 टक्के, वर चरबी भरपूर, त्यामुळं फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर कणांचा, मार तिथं लवकर बसतो. मेलाटोनिन रक्तातून थेट मेंदूत शिरतं, फ्री रॅडिकल्सना निकामी करतं, आणि ते करताना त्याचं जे रूपांतर होतं तेही पुन्हा तेच काम करतं, हे मला फार भारी वाटतं. उंदरांना विष देऊन केलेल्या प्रयोगांत त्यानं मेंदूची हानी कमी झालेली दिसलीय.

पण उंदीर तो उंदीर. आमचे काका तीन वर्षांमागं फवारून आले आणि कट्ट्यावर बसले ते उठेचनात, तोंडातून लाळ, अंग घामानं चिंब, दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी मारली तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक शरीरातलं एक एन्झाइम अडवून धरतं, मग नसांचे सिग्नल थांबतच नाहीत, छातीत पाणी भरतं, माणूस श्वासानं जातो. फ्री रॅडिकल्स त्याच्या मागनं येतात. काकांना वाचवलं ते ॲट्रोपिननं, छाती मोकळी होईस्तोवर डोसावर डोस, आणि जोडीला पॅम, म्हणजे अडलेलं एन्झाइम सोडवणारं औषध. हे काम मेलाटोनिनचं नाहीच. उलट गोळी खाऊन माणूस पेंगला तर ही गोळीची झोप की विष चढतंय हे घरच्यांना कळणार कसं? म्हणून फवारणीसाठी कुणी मागितली तर मी देत नाही, राग आला तरी चालेल.

शरीर स्वतःचं मेलाटोनिन फुकट बनवतं, अंधारात, रात्री दोन ते चारच्या सुमाराला सगळ्यात जास्त. आमच्याकडं थ्री फेज रात्री आली की माणसं उसाला पाणी पाजायला जागतात, त्यांना मी काय सांगू, पण बाकीच्यांनी तरी उशाचा मोबाईल लांब ठेवा ओ.

आणि फवारून आल्यावर कपडे बाहेरच काढा, साबणानं अंघोळ करा. लाळ सुटली, दम लागला तर वाट बघू नका, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. काकूनं रिकामी बाटली पदरात बांधून आणली होती, ती बघूनच डॉक्टरांनी नेमकं विष ओळखलं.