ट्रॅक डे अपडेट: या सीझनला फक्त ब्रेक सोडायचा सराव

मंडळी, बरेच दिवस ट्रॅक डेचा, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली बाईक चालवायच्या दिवसाचा, अपडेट टाकायचा होता. बाईक तीच, केटीएमची आरसी 390, इंजिन पूर्ण स्टॉक, बदललंय ते फक्त पुढचे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि टायर. ट्रॅकही तोच, चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा, 3.7 किमी, 12 कॉर्नर. पुण्याहून बाईक टेम्पोत टाकूनच नेतो, हायवेवर तेवढे हजार-बाराशे किमी सरळ चालवले की मागचा टायर मधोमध सपाट होतो आणि मग लीन करताना बाईक हवी तशी एकसारखी झुकत नाही.

या वेळी गुडघा टेकवणं, लॅप टाइम वगैरे सगळं बाजूला ठेवलं आणि एकच काम घेतलं, ब्रेक सोडणं. लावणं नाही, सोडणं! लावायला सगळेच शिकवतात. पण ब्रेक दाबला की फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, खाली बसतो, रेक अँगल (फोर्कचा तिरकेपणा) कमी होतो, पुढच्या टायरवर वजन येतं आणि बाईक पटकन वळायला तयार असते, आणि नेमकं त्याच क्षणी लिव्हर झटक्यात सोडला तर फोर्क उसळून वर येतो, बाईक वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाते आणि मग माणूस हँडलशी भांडत बसतो. टायरकडे ग्रिप ठरावीकच असते, ती ब्रेक आणि लीन दोघांत वाटायची, म्हणून लीन जितका वाढेल तितकं बोटावरचं प्रेशर कमी करत जायचं. ऐकायला सोपं आहे, बोटाला कळायला वेळ लागतो.

सराव असा केला. एकच लांब उजवा कॉर्नर निवडला, स्पीड मुद्दाम आरामातला. आधी सगळं ब्रेकिंग बाईक सरळ असतानाच संपवायचं. ते जमलं की टर्न-इनपर्यंत, म्हणजे बाईक वळवायला घेतो तिथपर्यंत, अगदी हलकं प्रेशर ठेवायचं, लिव्हरला बोट नुसतं टेकल्यासारखं, आणि मग हळूहळू ते एपेक्सकडे, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूकडे, न्यायचं. दोनच बोटं लिव्हरवर, मांड्यांनी टाकी घट्ट धरलेली, हात सैल. टाकी नीट धरली नाही तर सगळं वजन मनगटांवर येतं आणि मग बोटाला काही कळतच नाही, हे फार महत्त्वाचं आहे. फोर्कच्या नळीला एक केबल टाय बांधलाय, सेशननंतर तो कुठपर्यंत सरकला ते बघायचं, फोर्क पार तळाला जातोय का ते लगेच कळतं.

फरक कुठे पडला तर ब्रेक संपल्यापासून थ्रॉटल उघडेपर्यंत बाईक जी नुसती वाहत जायची तो वेळ खूप कमी झाला. आता ब्रेक संपतो तिथेच थ्रॉटल हलकासा सुरू होतो, वजन थोडं मागे जातं आणि बाईक लाइन धरून बसते. मुख्य म्हणजे दर लॅपला एपेक्सच्या कर्बजवळ साधारण त्याच जागी पोचतोय, आणि मला त्याचा आनंद लॅप टाइमपेक्षा जास्त आहे.

नवीन येणाऱ्यांसाठी एक सांगतो, ब्रेक ऑइल इव्हेंटच्या आधी बदलाच. डॉट 4 ग्रेडचं ऑइल नवीन असताना किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही पण ओलावा शोषला की हा आकडा 155 पर्यंत येऊ शकतो, आणि चेन्नईच्या दुपारच्या सेशनला लिव्हर स्पंजी झाला की बोटाचा सराव वगैरे सगळं संपलं. टायर प्रेशर पिटमध्ये आल्या आल्या गरम असतानाच मोजा, चहा पिऊन आल्यावर नाही. आणि ट्रॅक क्लॉकवाइज आहे, उजवी बाजू जास्त झिजते, टायर बघताना दोन्ही बाजू बघा.

हे सगळं ताम्हिणीत करायचं का? अजिबात नाही. तिथे वळणावर खडी असते, समोरून एसटी येते, ब्रेकिंग सरळ असतानाच संपवा. घाटात उपयोगी पडते ती नजर, वळणाच्या पार शेवटाकडे बघायची सवय. ती ट्रॅकवर लागते आणि घाटातही तशीच राहते.

पुढच्या वेळी बॉडी पोझिशन, म्हणजे ब्रेक मारायच्या आधीच सीटवरून बाजूला सरकून बसणं. टेम्पोत अजून एका बाईकची जागा आहे, पुण्यातून कोणी येणार असेल तर कळवा, डिझेल-टोल वाटून घेऊ.