आठळ्या आणि कंडेन्सर

परवा दुपारी शेजारच्या वहिनी एक सेट-टॉप बॉक्स आमच्या ओटीवर ठेवून गेल्या. आदल्या संध्याकाळी वळीव गडगडला होता आणि त्यांचा प्लग काढायचा राहिला होता. "भावजी, तुमका लागता ना असला काय काय?" एवढंच म्हणाल्या. 'असला काय काय' या तीन शब्दांत माझी सगळी हयात मावते, हे मला तेव्हाच कळलं.

वामकुक्षीची वेळ होती. पण उघडा बोर्ड समोर असताना झोप कुठली? सोल्डरिंगचं आयर्न तापत ठेवलं, सोल्डर, म्हणजे पार्ट बोर्डला चिकटवणारा धातू, वितळला की ओढून घ्यायचा पंप शोधला, चष्मा बदलला. पॉवर सप्लायकडची बाजू काळी पडली होती, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. उरलेल्या बोर्डवर तिळाएवढे पार्ट. एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. त्यातले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे पार्ट, तर असे की अंगावर आकडासुद्धा नाही. काढला आणि शिंक आली तर गेला. आली तिन्हीसांज तेव्हा बशीत जमा होतं ते असं : एक बोटभर ट्रान्सफॉर्मर, तीन उभे कंडेन्सर, रिमोटचा तीन पायांचा डोळा आणि चार स्क्रू.

"किती रुपयांचं झालं?" बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं.

हा प्रश्न विचारायचा नसतो. तरी हिशेब सांगतो. साधा रजिस्टन्स, म्हणजे विजेला अडवणारा पार्ट, नवा घेतला तर रुपया-दीड रुपयाला. जुन्या बोर्डवरून काढायला, पाय सरळ करायला, मीटरवर तपासायला पाच मिनिटं. आणि एवढं करून त्याचे पाय इतके आखूड, की पुढच्या कामाला ते पुरत नाहीत. आयसी, म्हणजे बहुपायी चिपा, उपसताना निम्मे भाजून मरतात. त्यात २००६च्या जुलैपासून युरोपने सोल्डरमधल्या शिशावर बंदी आणली, तेव्हापासूनचा बराचसा माल हट्टी. जुनं सोल्डर १८३ अंशांना मुकाट पाणी व्हायचं, हे नवं २१७च्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही. तोवर बोर्डावरची तांब्याची पट्टी उचकटून येते.

म्हणजे परवडत नाही. नाहीच परवडत. प्रिंटर मिळाला तर गोष्ट वेगळी. त्यातल्या मोटरी आणि लोखंडी दांडे आयुष्यभर पुरतात. बंद पडलेल्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर, उष्णता शोषणारे अॅल्युमिनियमचे हीटसिंक, जुन्या टेपच्या दणकट खुंट्या, हे काढावं. जुन्या रेडिओतला एसी १२८ नावाचा ट्रान्झिस्टर तर जपूनच ठेवावा, तो आता बनत नाही. बाकी सगळं भंगारवाल्याला. तेही लवकर, कारण आमच्या खाऱ्या वाऱ्यात पडवीत ठेवलेल्या बोर्डाला एका पावसाळ्यात हिरवा कळंक चढतो.

पण हा हिशेब आजचा. १९८६ साली तो असा नव्हता. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला अजून बारा वर्षं होती आणि रुपयाचा रजिस्टन्स मुंबईहून यायचा तर रात्रभर एस्टीत हाडं खिळखिळी करून यायचा. तोही चाकरमानी आले तरच. बाजारातला रेडिओवाला मेलेली किटं, म्हणजे बिघडलेल्या रेडिओंचे बोर्ड, फुकट द्यायचा. ती मी न्हाणीच्या चुलीतल्या निखाऱ्यांवर धरायचो आणि सोल्डर चकाकलं की पायरीवर आपटायचो. टपटप सगळे पार्ट खाली, चांदीचे थेंब वेगळे. त्या धुरातून पोटात काय काय गेलं असेल, याचा विचार आता करवत नाही. आजी आतून ओरडायची, "अरे मेल्या, घर जाळतलंस काय?"

ती स्वतः त्याच सुमाराला फणसाच्या आठळ्या मातीत लोळवून माळ्यावर ठेवत असायची. पावसाळ्यात भाजीला. माझे कंडेन्सर बिस्किटाच्या डब्यात, तिच्या आठळ्या फुटक्या घमेल्यात, एकाच माळ्यावर. दोघांचंही पुढे एकच व्हायचं. श्रावणात काढायला जावं तर निम्म्या आठळ्या सुकून खुळखुळा झालेल्या. कंडेन्सरच्या पोटातलंही पाणी असंच आटतं, फक्त बाहेरून कळत नाही. आजी सुकलेल्या आठळ्या परत घमेल्यात टाकायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या सजवलेल्या चौकटीला, पळते दिवे करायचे होते. ५५५ आणि ४०१७, दोन आयसी, पहिला ठोके देणारा, दुसरा ते मोजून दिवे पेटवणारा; दहा लाल दिवे, एकामागून एक पेटणारे. आयसी आणि दिवे काका मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या पार्टांच्या बाजारातून आणणार होते. मला लागणार होते ते ४७० ओहमचे रजिस्टन्स, अंगावर पिवळा-जांभळा-तपकिरी पट्टे असलेले, आणि सेलचा डबा. चतुर्थीच्या आधी आठवडाभर माळा उपसला, किटं चाळली, रजिस्टन्स पुरेनात. आणि बाबांचा रेडिओ तर मे महिन्यापासून कपाटावर गप्प होता. महिनोन् महिने गप्प म्हणजे भंगारच की. एका दुपारी उघडला आणि नेटाने मोकळा केला.

काका हरताळकेच्या पहाटे आले. पिशवीतून माझी पुडी काढली, मग दुसरी पुडी काढून बाबांच्या हातावर ठेवली. "ही घे तुझी. तीन दुकानं फिरलो."

आत रेडिओचा काटा फिरवायची दोरी होती. दोन-तीन हात असेल. रेडिओला दुसरं काहीच झालं नव्हतं.

बाबांनी कपाटावर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोदकांचे नारळ सोलायला मागीलदारी गेले. संध्याकाळी दिवे पळायला लागले तेव्हा माटवीखाली उभं राहून बराच वेळ बघत होते. "जरा सावकाश पळव," म्हणाले. मी ५५५चा रजिस्टन्स बदलून दिला. तोही त्यांच्याच रेडिओतला.

दोरी अजून बिस्किटाच्या डब्यात आहे, काकांच्या त्याच पुडीत. परवाचे चार स्क्रू मी तिच्याशेजारी टाकले आणि बायकोला सांगितलं, वीसेक रुपयांचं झालं असेल.