हरवलेल्या मुलींच्या यादीत मी

जूनमध्ये दादाचा कराडहून फोन आला. "तुझ्या वर्गातला एक जण दुकानात येऊन गेला. तुमची बहीण आहे का हो, असं विचारत होता." आहे का, म्हणजे कराडात आहे का की हयात आहे का, ते दादालाही नीट कळलं नव्हतं. त्याने आपला माझा नंबर देऊन टाकला.

रात्री बघते तर मी 'दहावी ब १९९०' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये. पस्तीस वर्षांनी स्नेहमेळावा ठरला होता. सगळे मुलगे महिन्याभरात गोळा झालेले. मुली चोवीस, त्यातल्या सापडलेल्या सात. बाकीच्या सतरा जणींची यादी 'हरवलेल्या मुली' अशा मथळ्याखाली फिरत होती आणि त्यात नवव्या नंबरवर माझं माहेरचं पूर्ण नाव. आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं.

मला आधी रागच आला. हरवलेली कसली? फेसबुकवर पंधरा वर्षं आहे. गणपतीचे मोदक, लेकाचं ग्रॅज्युएशन, मी राहते त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला बर्फ, सगळं जगाला दाखवून झालंय. मग ट्यूब पेटली. ते सगळं ज्या बाईच्या नावावर आहे तिला दहावी बमधलं कुणीच ओळखत नाही. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने जे नाव लिहिलं ते माझं झालं. आडनाव तर जाणारच होतं, पण पहिलं नावही गेलं. मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू? माझं मूळ नाव आत्याने ठेवलेलं, जरा जुनाटच होतं.

आता हा राग मी इथे लिहून काढला नसता. पण सप्टेंबरात इथे आमच्या अमेरिकन शेजारणीच्या शाळेचा पन्नास वर्षांचा मेळावा होता. तिची १९७५ ची बॅच. पाच बायकांची समिती दीड वर्ष वाचनालयाच्या खोलीत बसून तयारी करत होती. पोस्टाने फॉर्म, सोबत पंचेचाळीस डॉलरचा चेक, शेवटची तारीख, पैसे परत मिळणार नाहीत अशी ठळक सूचना. दारातल्या टेबलावर बसायला कुणीतरी वर्गाबाहेरचं हवं होतं, तिथे मला बसवलं.

माझं काम छातीवर लावायचे बिल्ले वाटायचं. आणि खरं सांगते, त्या बिल्ल्यांनीच माझी झोप उडवली. प्रत्येकावर शाळेच्या वार्षिक पुस्तकातला कृष्णधवल फोटो. त्याखाली बोटभर जाड अक्षरांत शाळेतलं नाव. आताचं आडनाव त्याच्या खाली, चष्मा लावून वाचावं लागेल एवढं बारीक. माणसं आधी एकमेकांच्या छातीकडे बघत, मग तोंडाकडे, मग किंचाळत. एका बाईची तीन लग्नं झालेली. तिसरं आडनाव बिल्ल्यावर मावलंच नव्हतं. ती म्हणाली, "राहू दे, वरचं तेवढं पुरे." इथल्याही बायका आडनावं बदलतात, त्याही हरवतात, त्यांचीही 'पत्ता माहीत नाही' अशी यादी भिंतीवर लावलेली होती. पण पहिल्या नावाला कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे शोधायला एक टोक तरी उरतं. हे मला पटलं आणि पटल्याचा रागही आला.

जेवताना शेजारीण आणि तिची मैत्रीण बास्केटबॉलवरून भांडल्या. आयोवात मुलींचं बास्केटबॉल सहा-सहा जणींचं असायचं, अगदी १९९३ पर्यंत. तीन जणी मैदानाच्या एका अर्ध्यात गोल करणाऱ्या, तीन दुसऱ्या अर्ध्यात अडवणाऱ्या. मधली रेष ओलांडायची नाही. चेंडू दोनदाच आपटायचा. अख्ख्या मैदानात धावणं मुलींच्या नाजूक प्रकृतीला झेपणार नाही, अशी जुनी समजूत. शेजारणीने मिठाच्या-मिऱ्याच्या डब्या मांडून मला ते समजावलं. शेजारीण गोल करणारी, तिची मैत्रीण अडवणारी. शाळेच्या सामन्यांत मैत्रिणीने एकदाही चेंडू बास्केटमध्ये टाकला नव्हता. "रेषेवर उभी राहून हिचं कौतुक बघायचे," असं म्हणून तिने मिठाची डबी रेषेपलीकडे सरकवली. मला आमचा वर्ग आठवला. डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे, मधल्या वाटेने फक्त सर चालायचे.

एक मात्र सांगायलाच हवं. त्यांचे प्रशिक्षक आले होते, पंचाऐंशीच्या घरातले. त्यांनी स्वतःच्या जेवणाचे पंचेचाळीस डॉलर स्वतः भरले होते. शाल नाही, नारळ नाही, कुणी वाकलं नाही. मी मनात म्हटलं, बिल्ले कितीही छापा, हे तुम्हाला जमायचं नाही.

२८ डिसेंबरला मी कराडात. आमच्याकडे सगळं जमलं, जरा जास्तच जमलं. सातही शिक्षकांना शाल-श्रीफळ, पाद्यपूजा, प्रमुख पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण. पाहुण्यांचा आमच्या वर्गाशी काय संबंध, हे शेवटपर्यंत कळलं नाही. वर्गणी दीड हजार. मला मात्र "तू डॉलरवाली, तू कार्यालयाचं भाडं बघ" असं परस्पर ठरवून कळवण्यात आलं. मी पाच हजार दिले आणि बॅगभर चॉकलेटं नेली. कमी दिले असं ज्यांना वाटलं त्यांनी इथल्या विम्याचे हप्ते बघावेत. पण दादाच्या दुकानात आलेला तो मित्र, खतांचा व्यापारी, त्याने एकेका मुलीसाठी तिच्या माहेरच्या गावी मोटारसायकलवर चकरा मारल्या होत्या. सतरापैकी बारा जणी त्याने हुडकल्या. मी पस्तीस वर्षांत किती जणींना शोधलं? संसार, नोकरी, लेकाची शाळा, वेळ कुठे होता... एकीलाही नाही.

दुपारी शाळेत गेलो. मुलगे तेवढ्यात उजवीकडे बसले, आम्ही डावीकडे. पन्नाशी उलटलेली माणसं, कुणी सांगितलंही नव्हतं. सरांनी जुनं हजेरीपुस्तक काढलं. माझं नाव आलं आणि मी शांत बसून राहिले. बाजूचीने कोपर मारलं. "अगं, तू!"

"हजर सर."

पुढचं नाव माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं. न सापडलेल्या पाच जणींपैकी ती एक. माहेरचं घर विकलेलं, भाऊ कुठे गेला कुणाला ठाऊक नाही, सासरचं नाव कुणालाच माहीत नाही. सरांनी सवयीने दुसऱ्यांदा पुकारलं. मग खिशातलं पेन काढून, चष्मा वर करून, त्या पिवळ्या पानावर 'गै' लिहिलं.

परत आल्यावर मी फेसबुकवर नावापुढे कंसात शाळेतलं नाव टाकलं. तासाभरात लेकाचा मेसेज आला, "आई, हे कोण?"