गुलशनाबादेत सापडलेली बागेची पत्रं

बेथ चॅटो आणि क्रिस्टोफर लॉइड ही दोन नावं मला नाशकात, रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत भेटली. स्पर्धा परीक्षांची गाइडं आणि जुने दिवाळी अंक यांच्या थप्पीत 'डिअर फ्रेंड अँड गार्डनर' हे इंग्रजी पुस्तक दबलं होतं. 1998 साली निघालेलं. बागेत आयुष्य घालवलेल्या दोन मित्रांनी दोन वर्षं एकमेकांना लिहिलेली पत्रं. "न्या ताई, बागेचं इंग्रजी पुस्तक इथं कोण मागतंय," म्हणत दुकानदार काकांनी स्वस्तात दिलं.

गोदाघाटावर, नारोशंकराच्या देवळाजवळ पायरीवर बसून वाचायला घेतलं आणि उठवेना.

या मैत्रीची सुरुवात मतभेदातून झाली. लॉइडनी आपल्या एका पुस्तकात बर्जेनिया या झाडाला नावं ठेवली होती. चॅटोबाईंना ते पटलं नाही, त्यांनी तसं पत्रानं कळवलं. उत्तरात जेवणाचं आमंत्रण आलं. पुढं दोघं जन्माचे मित्र झाले, पण एकमेकांच्या हो ला हो मिळवणं त्यांना कधी जमलं नाही. पत्रांत झाडांच्या जोडीनं स्वयंपाक, पाहुणे, संगीत, दुखणीखुपणी सगळं येतं.

बाईंची बाग एसेक्समध्ये, इंग्लंडच्या अगदी कोरड्या भागात. वर्षाचा पाऊस सुमारे 500 मिलिमीटर. गाड्या उभ्या करायच्या जुन्या जागेवर 1991-92 च्या सुमारास त्यांनी खडीची बाग केली आणि झाडं रुजल्यावर तिला वरून पाणी द्यायचं नाही असं ठरवलं. जिथं जे तगतं तेच तिथं लावायचं, हा त्यांचा हट्ट. मी नगरची. टँकरची वाट बघत वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं, ते मुरमाड जमीन कसणाऱ्यालाच कळेल. अर्थात तिकडचा पाऊस वर्षभर वाटून पडतो, आपला चार महिन्यांत उरकतो. त्यामुळे त्यांची यादी जशीच्या तशी उचलून उपयोग नाही. उचलायची ती त्यांची नजर.

लॉइड याच्या उलट. ग्रेट डिक्स्टर या आपल्या घरची जुनी गुलाबबाग त्यांनी 1993 मध्ये उपटून टाकली आणि तिथं केळी, कर्दळ, डेलिया, एरंड असा भडक पसारा मांडला. आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर वाढणारी कर्दळ आणि बांधावरचा एरंड तिथं मानाचे पाहुणे! आणि मी हे वाचत होते ते नाशकात, म्हणजे मोगलांनी फुलांवरून गुलशनाबाद असं नाव दिलेल्या गावात. घाटावरून वर फुलबाजारात गेले तर टोपल्यांत गुलाबच गुलाब. दिंडोरीकडच्या पॉलिहाऊसमधले लांब दांड्याचे वेगळे, हारवाल्यांचे बुटके, सुवासिक वेगळे. लॉइडसाहेब, या बाबतीत मी तुमच्या बाजूनं नाही.

दुसऱ्या दिवशी पांडवलेण्यांवर चढले. 10 क्रमांकाच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख आहे. त्यातल्या दानांच्या यादीत नारळाची 32,000 झाडं येतात. गायी, घाट, धर्मशाळा यांच्या पंगतीत झाडंही मोजून दगडात कोरावीशी वाटली, हे मला फार मोठं वाटतं. पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात मग प्रत्येक झाडापाशी थांबत गेले. कुठलं आपसूक उभं आहे, कुठल्याला पाणी घालावं लागत असेल, हेच बघत.

परतताना गंगापूर रोडच्या एका रोपवाटिकेतून सदाफुली, कोरफड आणि पानफुटी घेतली. मुरमात लावणार आहे, आणि एक पावसाळा झाला की पाणी बंद. रत्नागिरीला माझी मैत्रीण आहे, गुलाबवेडी, पाऊस बघून कंटाळलेली. तिला एसटीतच पत्र लिहायला घेतलं. पहिलाच प्रश्न टाकलाय: तुझ्याकडे चार महिने मुळं पाण्यात असतात, तरी गुलाबाचा हट्ट का?