बोर्ड मांडता मांडता : आमची वाटचाल

घरी पंधरा जण येणार होते आणि मला गॅससमोर उभं राहायचा जाम कंटाळा आला होता, तिथून हे सगळं सुरू झालं. कटिंग बोर्डवर दोन-तीन चीज, सलामी (मीठ-मसाला लावून सुकवलेल्या मांसाचे काप), द्राक्षं, अक्रोड असं हाताला येईल ते मांडलं तर लोक तिथून हलेचनात. मग एका मैत्रिणीने तिच्या पार्टीसाठी मागितला, तिच्याकडे बघून अजून कोणी, आणि मी नि माझी जाऊ अशी दोघींची फर्म उभी राहिली. तेव्हा आम्ही अशा बोर्डाला चारकटरी म्हणायचो 😅 तो शब्द शार्कुटरी आहे, फ्रेंच, मुळात मीठ लावून, धूर देऊन, सुकवून मांस टिकवायची कला. चीज, फळं, क्रॅकर्स (पातळ खारी बिस्किटं) ही नंतर जमलेली मंडळी. पण आमचं सगळं लक्ष फोटो कसा येतो यावरच.

त्या फोटोपायीच फजिती झाली. रात्री आठच्या पार्टीचा बोर्ड आम्ही दुपारी तीनला मांडून मोकळ्या, तो पोचेपर्यंत ऑलिव्हचं खारं पाणी क्रॅकर्समध्ये शिरलेलं, सफरचंद काळं, सलामीला तेल सुटलेलं आणि ब्री चीज वाहत चाललेलं. "ताई, फोटोत वेगळं दिसत होतं हो," एवढंच म्हणाल्या त्या बाई, पैसे परत केले.

दुसरी चूक जास्त लागली. व्हेज बोर्डवर पार्मिजानो (इटालियन कडक चीज) ठेवलं आणि एका पाहुणीने विचारलं यात रेनेट कुठलं? आम्हाला रेनेट म्हणजे काय तेच माहीत नाही! चीज करताना दूध घट्ट करायला घालतात ते. अस्सल पार्मिजानो रेजानो वासराच्या पोटातल्या रेनेटनेच बनतं, म्हणजे शाकाहारी नाहीच. त्या दिवसापासून लेबल वाचल्याशिवाय एकही चीज घरात येत नाही, व्हेजसाठी मायक्रोबियल (प्राण्यापासून नाही, सूक्ष्मजीवांपासून केलेल्या) रेनेटवालंच.

मग हिशोब केला. कापलेलं मांस आणि मऊ चीज फ्रिजबाहेर 2 तासांच्या वर ठेवायचं नाही, 32 अंशांच्या वर उकाडा असेल तर 1 तासच, आणि आमचा निम्मा वेळ मांडण्यात नि डिलिव्हरीतच जायचा. तेव्हा ठरवलं, मांडलेला बोर्ड द्यायचाच नाही, गार डब्यात सगळं सुटं द्यायचं आणि लोकांनी घरी मांडायचं. जाऊबाई म्हणाल्या कोण घेणार? सुरुवातीला खरंच ऑर्डरी निम्म्यावर आल्या, मग आम्ही फोनवर व्हिडिओ कॉल करून मांडायला शिकवू लागलो आणि गंमत म्हणजे लोकांना तेच आवडलं.

या सुट्या सामानाच्या किटसोबत कागद जातो. चीज अर्धा तास आधी बाहेर काढा, गार चीजला चव लागत नाही, मांस मात्र वाढायच्या वेळीच. ऑलिव्ह, जॅम, मध वाट्यांत, ऑलिव्ह निथळून. आधी वाट्या ठेवा, मग चीज, मग मांसाचे काप घड्या घालून, सपाट पसरले की चिकटतात, मग फळं (सफरचंदाला लिंबू लावून), उरलेल्या फटीत अक्रोड-बदाम आणि क्रॅकर्स अगदी शेवटी. प्रत्येक चीजला वेगळी सुरी, नाहीतर ब्लू चीजचा वास सगळ्यांना. जेवणाआधी खायचं असेल तर माणशी 50-60 ग्रॅम मांस नि तेवढंच चीज पुरतं, तेच जेवण असेल तर जवळजवळ दुप्पट. कोणी प्रेग्नंट असेल तर मांसाचे गार काप आणि मऊ चीज त्यांच्यासाठी नकोच. आणि माझा हट्ट म्हणजे एक भलामोठा बोर्ड मांडू नका, छोटा मांडा आणि संपला की फ्रिजमधून भरा, दिसतोही ताजा आणि उरलेलं टाकावंही लागत नाही.

लाकडाच्या बोर्डांचं खातं जाऊबाईंचं. पाण्यात भिजत घालायचे नाहीत, धुऊन उभे वाळवायचे, मग फूड ग्रेड मिनरल ऑइल. आम्ही आधी स्वयंपाकाचं तेल लावलं होतं, ते खवट झालं.

सध्या भांडण सलामीच्या गुलाबावरून आहे. ग्लासच्या काठावर काप एकावर एक लावायचे नि उलटा करायचा, झाला गुलाब. मी म्हणते तेवढ्या वेळात मांस गरम होतं, त्या म्हणतात लोक त्याचेच फोटो पाठवतात. पाठवतात खरे. आता किटमध्ये गुलाबाचा वेगळा कागद जातो, खाली मी लिहिलंय, दोनच करा.