नदीकाठचे टेबल

आपल्याकडे एखाद्या गावात स्मारक उभारायचे ठरले की पुढे काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. चौथरा, त्यावर हात उंचावलेला किंवा घोड्यावर बसलेला पुतळा, भोवती लोखंडी कठडा आणि समोर उद्घाटकांच्या नावांची संगमरवरी पाटी. ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, त्याचे नाव त्या पाटीवर कधीकधी पाहुण्यांच्या नावांपेक्षा बारीक अक्षरांत असते. अशी पाटी दिसली की मला रुमानियातील तिर्गू झिऊ हे झिऊ नदीकाठचे गाव आठवते. त्या गावाने पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांचे स्मारक विसाव्या शतकातील एका श्रेष्ठ शिल्पकाराकडून करवून घेतले आणि त्याने गावाला दिले काय, तर एक टेबल, काही बैठकी, एक दरवाजा आणि एक खांब.

हा शिल्पकार, कॉन्स्टँटिन ब्रांकुशी, गावाला परका नव्हता. १८७६ मध्ये तो जवळच्याच होबित्सा या खेड्यात जन्मला आणि पोटापाण्यासाठी लहानपणीच तिर्गू झिऊत एका रंगाऱ्याकडे कामाला राहिला. १९०४ मध्ये त्याने पॅरिस गाठले, तेही बरीचशी वाट पायी तुडवून. तीसेक वर्षांनी गावाने त्याला बोलावले तेव्हा त्याचे नाव जगभर झाले होते. बोलावणे धाडले ते गोर्झ जिल्ह्यातील महिलांच्या संघटनेने, आणि त्याला कारणही तसेच होते. ऑक्टोबर १९१६ मध्ये झिऊवरील पुलापाशी चालून आलेल्या जर्मन सैन्याला अडवण्यासाठी मूठभर शिपायांच्या बरोबरीने गावातल्या बायका, म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेही उभी ठाकली होती. संघटनेच्या अध्यक्षा अरेतिया तातारेस्कू यांनी आधी मिलित्सा पेत्राश्कू या शिल्पकर्तीला विचारले होते. तिने आपल्या गुरूचे, म्हणजे ब्रांकुशीचे, नाव सुचवले. त्याने मानधन घेतले नाही.

नदीच्या बांधालगत दगडाचे गोल टेबल आहे आणि त्याच्याभोवती बारा डमरूच्या आकाराच्या बैठकी आहेत. त्या टेबलापासून इतक्या लांब मांडल्या आहेत की बसलेल्याचा हात टेबलावर पोहोचू नये. टेबलावर कोरीवकाम नाही की कुणाचे नाव नाही. घरातला माणूस युद्धातून परतला नाही तरी टेबल तिथेच असते, जेवणाची वेळही टळत नाही. हे सांगायला ब्रांकुशीला सैनिकाच्या पुतळ्याची गरज भासली नाही, यात मला त्याचा सगळा मोठेपणा दिसतो. पुढे बागेत रस्त्याच्या दुतर्फा, तीन-तीनच्या गटांनी, आणखी तीस चौकोनी बैठकी आहेत आणि मग चुंबनाचे प्रवेशद्वार लागते. या दाराला दोन्ही बाजूंना भिंत नाही. तेथून निघालेला सरळ रस्ता गावातून, मध्येच उभ्या असलेल्या चर्चला वळसा घालून, पार दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंत जातो. स्मारक पाहायचे तर गाव ओलांडावेच लागते.

खांबाला ‘अनंत स्तंभ’ म्हणतात. त्या भागातील घरांच्या ओसरीला असेच कोरीव लाकडी खांब असतात. येथे तोच घाट ओतीव लोखंडात २९ मीटरहून अधिक उंच गेला आहे. एकेक भाग १८० सेंटीमीटर उंच, पोटाशी ९० आणि टोकांशी ४५ सेंटीमीटर रुंद. असे पंधरा पूर्ण भाग पोलादी कण्यात ओवले आहेत. सर्वांत वरचा भाग अर्धाच आहे. त्यामुळे खांब संपला असे वाटत नाही, नजर आपोआप पुढचा अर्धा भाग आकाशात शोधू लागते. नमुना ब्रांकुशीने स्वतः लाकडात कोरला, हिशेब श्तेफान जॉर्जेस्कू-गोर्झान या अभियंत्याने मांडला आणि ओतकाम उत्तरेकडच्या डोंगरांतील पेत्रोशान या कोळसाखाणींच्या गावी झाले. २७ ऑक्टोबर १९३८ रोजी स्मारक लोकांना खुले झाले. पुढे साम्यवादी राजवटीत कुणा कारभाऱ्याने हा खांब भंगारात काढण्यासाठी ट्रॅक्टरने ओढून पाहिला, असे सांगतात. तो पडला नाही. २०२४ मध्ये या सर्वांची गणना जागतिक वारशात झाली.

मराठी वाचकाने थोडे थांबावे असा एक धागा इथे आहे. याच सुमारास इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ब्रांकुशीची ‘अवकाशातील पक्षी’ या नावाची तीन शिल्पे घेतली होती, दोन संगमरवरी आणि एक ब्राँझचे, आणि त्यांच्यासाठी एक मंदिर बांधायचे घाटत होते. १९३७ मध्ये त्यांच्या पत्नी महाराणी संयोगिताराजे, मूळच्या कागलकर घाटग्यांच्या कन्या, निवर्तल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर काही बांधले गेले नाही. संगमरवरी पक्षी आज कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत, तर ब्राँझचा कॅलिफोर्नियात. इंदूरकडे पैसा होता, शिल्पे होती, शिल्पकार दारात आला होता. गोर्झच्या बायकांनी मात्र रस्त्याच्या जागेपासून उद्घाटनापर्यंत पाठपुरावा सोडला नाही, आणि टेबल नदीकाठी मांडूनच घेतले.