फेब्रुवारीत त्या चिखलात तुम्ही करता तरी काय?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणीतरी हमखास विचारतं, "मेथी हाताशी येते मेमध्ये. मग फेब्रुवारीपासून दर रविवारी त्या ॲलॉटमेंटवर जाऊन तुम्ही करता तरी काय?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. मी वाफशाची वाट बघते, म्हणजे ओली माती मशागतीजोगी होण्याची.

इंग्लंडात नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडं. ॲलॉटमेंट म्हणजे घरापुरता भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. मागणी असेल तिथे अशी जमीन पुरवायची जबाबदारी १९०८ च्या कायद्याने कौन्सिलांवर टाकली. मोजमाप अजून जुनंच चालतं. पूर्ण प्लॉट १० रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. माझ्याकडे त्यातला अर्धा आहे, लेस्टरमध्ये.

इथली माती चिकण, हिवाळाभर पाणी प्यालेली. पहिल्या वर्षी मार्चच्या पहिल्याच रविवारी लख्ख ऊन पडलं आणि मी निम्मा प्लॉट खणून काढला. ओल्या चिकणमातीवर पाय पडले की ती दबते, तिच्यातली हवा जाते, आणि वाळली की तिची वीट होते. मेमध्ये माझी ढेकळं कुदळीनेही फुटेनात. त्या वर्षी गाजर आलंच नाही. मला फार लागलं ते, कारण हे मला ठाऊक असायला हवं होतं. कराडजवळच्या आमच्या काळ्या रानात बाबा पाऊस उघडला म्हणून लगेच औत घालत नसत. मूठभर माती उचलायची, दाबायची, बोटाने टोचायची. गोळा चिकटून राहिला तर थांबायचं, भुगा झाला तर वाफसा आला. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा जन्मभर इथेच राबलेत, तेही अगदी हेच करतात. त्या वर्षी त्यांनीच मला एक जुनी फळी आणून दिली. वाफ्यात उतरायचंच असेल तर तिच्यावर उभं राहायचं, म्हणजे वजन पसरतं.

तर वाट बघताना हात रिकामे नसतात. इथली दोन चिवट तणं काढायची असतात: काउच ग्रास आपल्या हरळीच्या जातकुळीतलं, आणि बाइंडवीडची पांढरी मुळं शेवयांसारखी. तुकडा राहिला की त्यातून नवं रोप. म्हणून कडेकडेने, फळीवर बसून, फोर्कने माती सैल करत एकेक मूळ अख्खं ओढून काढायचं. हे काम मला मनापासून आवडतं. एक रॉबिन पक्षी दोन हात अंतरावर येऊन बसतो आणि उघड्या पडलेल्या किड्यांवर लक्ष ठेवतो. नोव्हेंबरात लावलेला लसूण तोवर वीतभर झालेला असतो.

बेण्याचे बटाटे मात्र फेब्रुवारीतच घरी येतात. अंड्यांच्या ट्रेमध्ये, जास्त डोळ्यांची बाजू वर करून, थंड पण उजेडाच्या खोलीत ठेवायचे. अंधारात ठेवलेत तर कोंब लांब आणि फिके येतात, लावताना मोडतात. आम्हाला आखूड, जाडसर कोंब हवे असतात. मार्च सरता सरता, वाफसा असेल तर, फूटभर अंतराने लावायचे. मिरचीचं बी मी फेब्रुवारीतच स्वयंपाकघराच्या खिडकीत टाकते, कारण तिला पिकायला इथला उन्हाळा पुरत नाही. ती रोपं मात्र लवकर बाहेर काढायची नाहीत. मेच्या मध्यापर्यंत एखाद्या रात्री दंव गोठतं आणि सकाळी पानं काळी पडलेली दिसतात.

बाबा अजून दर रविवारी फोन करतात. थंडी किती, बर्फ पडलं का, यातलं काही विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "वाफसा आला का गं?" गेल्या रविवारी मूठ उघडली तर वरचा थर सुटला, आत अजून गोळा होता. मी तसंच सांगितलं. "मग आठ दिवस थांब," म्हणाले.

थांबले आहे. मेथी एप्रिलच्या मध्यावर पेरीन, वर फ्लीस, म्हणजे थंडीपासून झाकणारं पातळ कापड, घालून. जुडी हवी असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात या, आणि येताना चिखलाचे बूट आणा.